उजवीकडे शून्य

बारा गुंठ्यांचा एक आयताकृती तुकडा आहे. त्याची लांबी रुंदीपेक्षा ३३ फुटांच्या एका साखळीने जास्त आहे. कुंपणाला तार किती लागेल? गोदावरीकाठच्या पुणतांब्यात जमिनीचा हिशेब आजही एकर-गुंठ्यांत चालतो, त्यामुळे हा प्रश्न तिथे कुणालाच परका वाटणार नाही. गुंठा म्हणजे ३३ फूट बाय ३३ फूट, एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद असा चौरस. रुंदी क्ष साखळ्या धरली तर लांबी क्ष + १ होते आणि दोहोंचा गुणाकार १२. व्यवहारात मुरलेला माणूस लगेच सांगेल, रुंदी तीन, लांबी चार; म्हणजे ९९ फूट आणि १३२ फूट, एका वेढ्याला ४६२ फूट तार. उत्तर बरोबर आहे. मग शाळेतली वही याच प्रश्नाला क्ष² + क्ष − १२ = ० असे रूप का देते? बारा उचलून डावीकडे का नेते? (क्ष − ३)(क्ष + ४) = ० असे लिहून ३ आणि −४ अशी दोन उत्तरे का काढते आणि त्यांतले एक लगेच सोडून का देते? साधी वर्गसमीकरणे अवयव पाडून सोडवण्याची ही रीत लाखो मुले दरवर्षी शिकतात. तिच्या मागचे 'का' मात्र फार थोड्यांपर्यंत पोहोचते. हे पुस्तक त्या 'का'साठी लिहिलेले आहे, आणि त्याच्याआधी या विषयाचा सगळा परिसर वाचकासमोर उलगडून ठेवणे हे या प्रस्तावनेचे काम.

माझे म्हणणे थोडक्यात असे की, या रीतीचे सगळे बळ उजव्या बाजूच्या शून्यात आहे. अवयव पाडणे ही त्याची पूर्वतयारी. दोन संख्यांचा गुणाकार बारा आहे एवढेच सांगितले तर त्या संख्यांविषयी जवळजवळ काहीच कळत नाही. तीन आणि चार असतील, दोन आणि सहा असतील, दीड आणि आठ असतील. अपूर्णांक धरले तर अशा जोड्यांना अंत नाही. पण गुणाकार शून्य आहे असे सांगितले की निसटायला जागा उरत नाही: दोहोंपैकी किमान एक संख्या शून्य असलीच पाहिजे. एका दुसऱ्या घाताच्या प्रश्नाचे पहिल्या घाताचे दोन सोपे प्रश्न होतात ते केवळ या एका गुणधर्मामुळे. हे मनावर ठसलेले नसेल तर काय होते ते कोणत्याही शिक्षकाला उत्तरपत्रिकांत दिसते. (क्ष − २)(क्ष − ३) = १२ असे समीकरण आले की काही मुले क्ष − २ = १२, क्ष − ३ = १२ असे लिहून १४ आणि १५ ही उत्तरे देतात. त्यांनी रीत पाठ केलेली असते. तिचा आधार शून्य आहे, हे त्यांच्या कानावर नीट पडलेले नसते. ही चूक मुलाच्या आळसाची मानणे मला अन्यायाचे वाटते. आठवीत बैजिक राशींचे अवयव शिकवले जातात तेव्हा समीकरण समोर नसते, आणि दहावीच्या गणित भाग १ मध्ये वर्गसमीकरणे येतात तेव्हा परीक्षेची घाई असते. दोहोंमधला सांधा शून्याचा आहे आणि नेमका तोच वगळला जातो.

हा सांधा इतिहासातही फार उशिरा जुळला. ब्रिटिश म्युझियममध्ये सुमारे पावणेचार हजार वर्षांपूर्वीची बाबिलोनी मातीची एक पाटी आहे. तिच्यातला पहिलाच प्रश्न असा: चौरसाचे क्षेत्रफळ आणि त्याची बाजू यांची बेरीज पाऊण आहे, तर बाजू किती? म्हणजे क्ष² + क्ष = ३/४; डावी बाजू थेट आपल्या बारा गुंठ्यांच्या तुकड्याची. पाटीवरचा लेखक सांगतो की एकाचा निम्मा करा, त्याचा वर्ग पाव. तो पाऊणमध्ये मिळवला की एक. त्याचे वर्गमूळ एक. त्यातून निम्मा वजा करा, उरला अर्धा. हीच कृती बारावर केली तर सव्वाबारा, त्याचे वर्गमूळ साडेतीन, त्यातून अर्धा वजा, तीन. आजची पूर्ण वर्ग पद्धत ती हीच. नवव्या शतकात बगदादमध्ये अल-ख्वारिझ्मीने या प्रश्नांची पद्धतशीर मांडणी केली आणि प्रत्येक कृतीला चौरस-आयतांच्या आकृतीचे समर्थन दिले. पण ऋण सहगुणक त्याला चालत नसत, म्हणून त्याने समीकरणांचे सहा प्रकार पाडले आणि प्रत्येक प्रकाराची कृती वेगळी दिली. वर्ग आणि मुळे मिळून संख्या हा एक प्रकार, वर्ग आणि संख्या मिळून मुळे हा दुसरा. क्ष² + १०क्ष = ३९ हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण; उत्तर तीन. आपण आज ते (क्ष − ३)(क्ष + १३) = ० असे लिहितो, तेव्हा −१३ हे दुसरे मूळही समोर येते. त्याच्या मांडणीत ते येणेच शक्य नव्हते. जमीन आणि तिच्या बाजू मोजणाऱ्या या भूमितीच्या परंपरेत सगळ्या राशी एका बाजूला आणून दुसरीकडे काहीच न ठेवणे याला अर्थ नव्हता. शून्याइतके क्षेत्रफळ कोण मोजणार?

भारतीय परंपरेची वाट वेगळी, आणि महाराष्ट्राच्या वाचकाला ती जवळची वाटावी अशी. ब्रह्मगुप्ताने इ.स. ६२८ मध्ये धन, ऋण आणि शून्य यांच्या बेरीज-वजाबाकी-गुणाकाराचे नियम सांगितले, त्यामुळे अल-ख्वारिझ्मीचे निरनिराळे प्रकार इथे एकाच मांडणीत बसू शकले. श्रीधराचार्यांनी दोन्ही बाजूंना वर्गाच्या सहगुणकाच्या चौपटीने गुणण्याची युक्ती दिली. त्यांचा बीजगणितावरचा ग्रंथ हरवला आहे. युक्ती टिकली ती भास्कराचार्यांनी आपल्या 'बीजगणिता'त तिचा उल्लेख केला म्हणून. भास्कराचार्यांचा 'सिद्धान्तशिरोमणी' ११५० चा. त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने यादवांच्या काळात मठ स्थापन केला, आणि त्याची नोंद असलेला इ.स. १२०७ च्या सुमाराचा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटण येथे आहे. तो डॉ. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला. पुणतांब्याहून मनमाडला आणि तिथून चाळीसगावला रेल्वेने जाता येते. बीजगणिताच्या इतिहासातले इतके महत्त्वाचे ठिकाण या भागातल्या मुलांपासून काही तासांवर आहे. ज्यांची समाधी पुणतांब्याला आहे ते योगी चांगदेव ज्ञानदेवांच्या काळातले, म्हणजे जवळजवळ शतकभर नंतरचे. नावामुळे दोघांची गल्लत होऊ देऊ नये.

भास्कराचार्यांची दोन उदाहरणे इथे जरा थांबून पाहण्यासारखी आहेत, कारण अवयव पद्धतीचे निम्मे शहाणपण त्यांत आहे. पहिल्यात वानरांचा एक कळप आहे. त्याच्या आठव्या भागाच्या वर्गाइतकी वानरे वनात खेळत आहेत आणि उरलेली बारा टेकडीवर दिसतात. क्ष वानरे धरून मांडणी केली की क्ष² − ६४क्ष + ७६८ = ० येते. ७६८ चे असे दोन अवयव हवेत की त्यांची बेरीज ६४ व्हावी; ते १६ आणि ४८. ताळा करून पाहा. सोळांचा आठवा भाग दोन, त्याचा वर्ग चार, आणि बारा, मिळून सोळा. अठ्ठेचाळीसांचा आठवा भाग सहा, त्याचा वर्ग छत्तीस, आणि बारा, मिळून अठ्ठेचाळीस. दोन्ही उत्तरे चालतात आणि भास्कराचार्य दोन्ही स्वीकारतात. दुसऱ्या उदाहरणात कळपाच्या पाचव्या भागातून तीन वजा करून आलेल्या संख्येच्या वर्गाइतकी वानरे गुहेत शिरली आणि एक फांदीवर दिसते. इथे क्ष² − ५५क्ष + २५० = ०, मुळे ५० आणि ५. पन्नासचा ताळा सरळ जमतो. पाचचाही आकड्यांत जमतो, पण पाचाचा पाचवा भाग एक, आणि एकातून तीन वजा केले की ऋण दोन. ऋण वानरांवर लोकांचा विश्वास बसत नाही, अशा अर्थाचे कारण देऊन भास्कराचार्य हे मूळ सोडून देतात. पाच ही संख्या स्वतः धन आहे हे लक्षात घ्या. म्हणजे 'ऋण उत्तर टाका' हा वर्गात दिला जाणारा झटपट नियम इथे कामाला येत नाही. प्रत्येक मूळ घेऊन मूळ प्रश्नाकडे परत जावे लागते. आठशे सत्तर वर्षांपूर्वीची ही शिस्त आज गुणदान योजनेत अर्ध्या गुणाचीही धनी नसते, याचे वाईट वाटते.

असे असले तरी भास्कराचार्यांची स्वतःची रीत अवयवांची नव्हती. मधले पद घालवून पूर्ण वर्ग करण्याच्या त्यांच्या रीतीला मध्यमाहरण म्हणतात. अवयवांची वाट युरोपात सतराव्या शतकात मोकळी झाली. थॉमस हॅरियटच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनी, १६३१ मध्ये छापल्या गेलेल्या ग्रंथात समीकरणे द्विपदींच्या गुणाकारातून घडवलेली दिसतात. १६३७ मध्ये देकार्तने हाच विचार अधिक स्वच्छ मांडला: क्ष = २ म्हणजे क्ष − २ = ०, क्ष = ३ म्हणजे क्ष − ३ = ०; दोहोंचा गुणाकार केला की क्ष² − ५क्ष + ६ = ०. आपल्या पाठ्यपुस्तकांच्या अगदी अंगवळणी पडलेले हे समीकरण देकार्तच्या पानावर असे उलट्या दिशेने येते, मुळांकडून समीकरणाकडे. या उलट दिशेमुळे प्रश्नच बदलला. तोपर्यंत विचारले जाई की क्ष किती. आता विचारता येऊ लागले की ही राशी कशाकशाची बनली आहे. गाउसने १७९९ मध्ये दाखवले की वास्तव सहगुणकांची कोणतीही बहुपदी पहिल्या आणि दुसऱ्या घाताच्या अवयवांत मोडते. तिथून पुढे आधुनिक बीजगणिताचा मोठा प्रदेश सुरू होतो आणि त्यात एक मराठी नाव ठळक आहे. श्रीराम अभ्यंकर (१९३०–२०१२) यांनी बैजिक भूमितीत जागतिक कीर्ती मिळवली; १९७६ मध्ये पुण्यात भास्कराचार्य प्रतिष्ठान स्थापन केले. त्याच वर्षी लिहिलेल्या एका गाजलेल्या लेखात त्यांनी शालेय बीजगणिताची जाहीर बाजू घेतली. बहुपदी हातात घेऊन, पदे लिहून, प्रत्यक्ष आकडेमोड करत पुढे जाण्याची रीत संशोधनाच्या सर्वांत वरच्या पायरीवरही कामाची असते, हा त्यांचा आग्रह होता. दहावीच्या धड्याला 'प्राथमिक' म्हणून हिणवणाऱ्यांनी अभ्यंकरांचे उदाहरण ध्यानात ठेवावे.

या रीतीवरचा सर्वांत वजनदार आक्षेप असा की, ती फार थोड्या समीकरणांना लागू पडते. आक्षेप मोजून पाहता येतो. क्ष² + बक्ष + क = ० मध्ये ब आणि क यांना १ ते १० पर्यंतच्या पूर्ण किमती दिल्या तर शंभर समीकरणे तयार होतात. त्यांपैकी ६२ समीकरणांना वास्तव मुळे आहेत. पूर्णांकांत अवयव पडतात ते फक्त १४ समीकरणांचे. वर्गसमीकरणाचे सूत्र मात्र बासष्टच्या बासष्ट सोडवते. मग थेट सूत्रच का शिकवू नये? आकडे खरे आहेत, पण त्यातून निघणारा निष्कर्ष मला पटत नाही. 'अवयव पडत नाहीत' हे वाक्य अपुरे आहे. कोणत्या संख्यांत पडत नाहीत, ते सांगावे लागते. क्ष² − २ चे अवयव पूर्णांकांत पडत नाहीत, परिमेय संख्यांतही पडत नाहीत, पण २ चे वर्गमूळ हाताशी घेतले की पडतात. उरलेल्या अठ्ठेचाळीस समीकरणांना सूत्र जी मुळे देते तीही अवयवच देतात, फक्त ते पूर्णांकांच्या बाहेरचे. चौदा आणि बासष्ट यांच्यात जे अंतर आहे त्यानेच मुलाला पहिल्यांदा कळते की संख्यांचे वेगवेगळे प्रदेश असतात आणि एकाच प्रश्नाचे उत्तर प्रदेशाप्रमाणे बदलते. सूत्र हे अंतर झाकून टाकते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, शून्याचा गुणधर्मही सगळीकडे चालतो असे नाही. घड्याळाच्या तबकडीवर बारा म्हणजे शून्य धरले तर तीन गुणिले चार शून्य होतात, दोहोंपैकी एकही शून्य नसताना. तिथे देकार्तच्या क्ष² − ५क्ष + ६ = ० ला २ आणि ३ शिवाय ६ आणि ११ हीही मुळे मिळतात. सहा घातले की ३६ − ३० + ६ म्हणजे बारा. अकरा घातले की १२१ − ५५ + ६ म्हणजे बहात्तर, बाराचे सहा फेरे. दुसऱ्या घाताच्या समीकरणाला चार मुळे पाहिली की आपल्या नेहमीच्या संख्यांत दोनच का असतात, हा प्रश्न आपोआप जागा होतो. त्याचे उत्तर सूत्रातून मिळत नाही, शून्यातून मिळते.

दुसरा आक्षेप शिक्षकांकडून येतो: ही रीत अंदाजपंचे आहे. गुणाकार इतका, बेरीज इतकी अशा दोन संख्या शोधा म्हणायचे आणि ज्याला सुचल्या तो हुशार ठरतो. शिकवण्याच्या प्रचलित पद्धतीपुरता हा आक्षेप मला मान्य आहे. मधल्या पदाची फोड करताना ६क्ष² + ११क्ष − १० मध्ये सहा आणि ऋण दहा यांचा गुणाकार ऋण साठ का घ्यायचा, हे क्वचितच सांगितले जाते. कारण सोपे आहे. सगळ्या समीकरणाला सहाने गुणा आणि ६क्ष ला एकच नवे चल य माना; य² + ११य − ६० = ० उरते. आता पहिला सहगुणक एक झाला, म्हणून गुणाकार ऋण साठ आणि बेरीज अकरा. संख्या पंधरा आणि ऋण चार. तिथून ३क्ष(२क्ष + ५) − २(२क्ष + ५), म्हणजे (३क्ष − २)(२क्ष + ५). वर्गाच्या सहगुणकाने गुणण्याची ही कल्पना श्रीधराचार्यांच्या युक्तीची सख्खी बहीण आहे. आणि संख्या सुचल्या नाहीत तर? दोन संख्यांची बेरीज ठाऊक असली की त्या निम्म्या बेरजेपासून सारख्याच अंतरावर असतात. वानरांच्या उदाहरणात बेरीज ६४, निम्मी ३२. बत्तीसचा वर्ग १०२४, त्यातून ७६८ गेले, उरले २५६, त्याचे वर्गमूळ १६. म्हणून संख्या ३२ − १६ आणि ३२ + १६. सुचण्याची वाट पाहावी लागत नाही. बाबिलोनी पाटीवरचा निम्मा इथे अवयव पद्धतीच्या पोटात सापडतो, आणि अवयव, पूर्ण वर्ग व सूत्र या तीन पद्धती पाठ्यपुस्तकात वाटतात तितक्या वेगळ्या नाहीत हे उघड होते.

आजच्या काळात हा विषय का? फोनचा कॅमेरा समीकरणावर धरला की उत्तर पायऱ्यांसकट मिळते, हे पुणतांब्यातल्या मुलांनाही ठाऊक आहे. उत्तर काढण्याचे कौशल्य म्हणून या रीतीची किंमत उतरली, हे मान्य करावे लागेल. पण त्याच फोनवरून पैसे पाठवताना आणि संदेश वाचताना जी सुरक्षितता गृहीत धरलेली असते, तिच्या मुळाशी पुन्हा अवयव आहेत. १९७७ मध्ये पुढे आलेल्या आर.एस.ए. या सांकेतिक लेखनपद्धतीत दोन प्रचंड मूळ संख्यांचा गुणाकार जगजाहीर असतो. त्या दोन संख्या गुप्त राहतात. गुणाकारावरून त्या शोधणे आजच्या संगणकांना आवाक्याबाहेरचे ठरते. पण गुणाकाराबरोबर त्यांची बेरीज कुणी फोडली तर सगळे कुलूप दहावीच्या समीकरणाने उघडते. गुणाकार ३२३३ एवढेच दिले तर चाचपडावे लागते. बेरीज ११४ असेही कळले तर निम्मे ५७, त्याचा वर्ग ३२४९, त्यातून ३२३३ गेले, उरले १६, वर्गमूळ ४. संख्या ५३ आणि ६१. क्ष² − ११४क्ष + ३२३३ = ० या समीकरणात मधल्या पदाचे मोल काय, हे याहून स्पष्ट दाखवणारे उदाहरण मला ठाऊक नाही.

प्रस्तुत पुस्तक हे सगळे ध्यानात ठेवून रचले आहे. आठवीचे अवयव ज्याला येतात त्याने ते हातात घ्यावे. दहावी कधीच मागे पडलेल्या, पण तेव्हा न कळलेले काही आता समजून घ्यावेसे वाटणाऱ्या प्रौढांनीही घ्यावे. गुणांची हमी ते देत नाही आणि सरावसंचाची जागाही घेत नाही. उदाहरणे कमी आहेत, पण प्रत्येक उदाहरण पुरते उलगडले आहे. जिथे दोन मुळे येतात तिथे दोन्हींचा ताळा मूळ प्रश्नात घातला आहे आणि एखादे सोडायचे असेल तर त्याचे कारण लिहिले आहे. सूत्र पुस्तकाच्या उत्तरार्धात येते, तेही अवयवांतून काढून दाखवलेले, कारण ते आधी दिले की बाकी काही वाचले जात नाही असा शिक्षकांचा सर्वसाधारण अनुभव आहे. विवेचक ऋण असेल तेव्हा काय, हा प्रश्न पुस्तकाने जाणूनबुजून दारापर्यंत आणून सोडला आहे. त्यासाठी संमिश्र संख्या लागतात आणि त्यांना घाईने आत घेणे योग्य झाले नसते. परिभाषा बालभारतीचीच ठेवली आहे, म्हणजे शाळेतली वही आणि हे पुस्तक शेजारी ठेवून वाचता येईल. वाचताना पेन्सिल आणि कोरे कागद जवळ असावेत. बारा गुंठ्यांऐवजी तेरा गुंठे घेऊन, लांबी-रुंदीतला फरक तोच ठेवून, पहिला प्रश्न पुन्हा मांडावा. तिथे तीन-चारचा अंदाज कामी येत नाही, आणि पुस्तकाचे पहिले पान तिथूनच सुरू होते.